अकराव्या बाळाची आत्या

बोरजाईच्या पोलीस ठाण्यात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर ड्युटीचा काळा फळा दिसे. त्यावर पांढऱ्या रंगात नऊ नावं रंगवलेली आणि प्रत्येक नावापुढं बक्कल नंबर. सगळ्यात खालची दहावी ओळ तेवढी खडूनं लिहिलेली होती, आणि त्या ओळीत एकच शब्द होता: ‘लेडीज’. नाव नाही, नंबर नाही. एसटीत बायकांसाठी राखलेल्या बाकावर लिहितात, तसं.

ती लेडीज म्हणजे विजयमाला कृष्णात साळुंखे, बक्कल नंबर सातशे बेचाळीस. माहेर आटपाडीचं, सासर साताऱ्याकडचं. नवरा फौजेत, आणि बाप नाथाजी फौजेतनंच हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. दोन फौजींच्या मधे सापडलेल्या बाईनं पोलिसात जावं यात नवल काही नाही. नवल हे, की साताऱ्याच्या हेडक्वार्टरनं तिला उचलून माण तालुक्याच्या पार टोकाला या ठाण्यात पाठवलं. इथं ओढा ओलांडला की सांगली जिल्हा लागतो, आणि इथं तोवर खाकी कधी साडी होऊन आलेली नव्हती. साल पंचाहत्तर, महिला वर्ष. वरून हुकूम निघाला होता, की आडवळणाच्या एखाद्या ठाण्यात एक बाई ठेवून बघा.

बघा म्हटल्यावर लोक बघतच राहिले. पहिले आठ दिवस बाजाराला आलेली माणसं वाकडी वाट करून ठाण्यावरनं जात. म्हाताऱ्या बायका तर आत येऊन तिच्या पदराचा पोत चाचपत आणि “कापड दणकट हाय बया, फाटायचं न्हाई,” असा निकाल देऊन जात. काम मात्र कुणी देईना. फौजदार माणूस वाईट नव्हता. पण विजयमालानं सॅल्यूट ठोकला की तो अवघडून म्हणायचा, “असू दे, असू दे. बाई, तुम्ही बसा.” ती बसायची. मोठे साहेब तपासणीला आले की हार तिच्या हातात, पंधरा ऑगस्टची रांगोळी तिची, आणि एकदा तर फौजदाराच्या घरी पाहुणे आले म्हणून तिला पुरणपोळ्या लाटायला बोलावणं आलं. त्या दिवशी तिनं “साहेब, पोळ्या येत न्हाईत, रायफल येती,” असं तोंडावर सांगितलं. पोळ्या तिला उत्तम यायच्या. पण राग त्याहून चांगला यायचा.

डिसेंबरात साताऱ्याहून एक इंग्रजी फॉर्म आला आणि ठाण्यात गडबड उडाली. त्यात दोन रकाने होते. पहिल्यात लिहायचं, की या बाईच्या पदाला तुमच्या ठाण्यात इंग्रजीत काय म्हणतात. दुसऱ्यात लिहायचं, की तिच्याकडून ठाण्याला कोणतं काम झालं. दुसरा रकाना रिकामा गेला तर बाई परत हेडक्वार्टरला, असं खाली बारीक अक्षरात टाइप केलेलं. हेडक्वार्टर म्हणजे पुन्हा हार, पुन्हा रांगोळी. फॉर्म सोमवारच्या टपालानं जायचा होता. ज्या दिवशी हे कळलं तो गुरुवार होता.

विजयमालाला दुसऱ्या रकान्याची धडकी भरली. ठाण्याचा रायटर हवालदार चिंतामण याची झोप मात्र पहिल्या रकान्यानं उडवली.

चिंतामण वाईचा. ठाण्याची सगळी लिखापढी त्याच्याकडं, अक्षर मोत्यासारखं, आणि इंग्रजी म्हणजे जीव की प्राण. टेबलाच्या खणात त्याच्याहून वयानं मोठी अशी एक डिक्शनरी होती आणि ती तो हात धुतल्याशिवाय उघडत नसे. त्यानं कागदावर एकाखाली एक शब्द मांडले: लेडी कॉन्स्टेबल. वुमन कॉन्स्टेबल. वुमन पोलीस. पोलीसवुमन. डब्ल्यू. पी. सी. आणि मग पेन कानावर अडकवून छताकडं बघत बसला. हा शब्दाचा घोळ त्याला ती आल्यापासूनच छळत होता. हेडक्वार्टरला विचारावं म्हणून त्यानं महिन्यापूर्वीच पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं, त्यात एकाच पानावर तीन वेगवेगळे शब्द होते. शेवटी त्यानं पाचगणीच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या मावसबहिणीला, विनोदिनीला, कार्ड लिहिलं. तिचं उत्तर नेमकं याच गुरुवारी आलं.

“वाचा की मोठ्यांदा,” केरबा हवालदार म्हणाला. केरबा ठाण्यातला सगळ्यात जुना, मिशा पिकलेला, पेन्शनीला दोन वर्षं उरलेला; कागदावर कॉन्स्टेबलच, पण गावाच्या तोंडी ठाण्यातले सगळेच हवालदार.

चिंतामणनं नाक वर करून वाचलं. “‘चिंतूदादा, तू लिहिलेले सगळेच शब्द कुठे ना कुठे चालतात. मला एवढंच सांग, बाईच्या पुढे तू लेडी लावतोस, तर पुरुषांच्या पुढे काय लावतोस?’ हे काय उत्तर झालं? मी शब्द विचारला, तिनं मलाच प्रश्न विचारला!”

“बरोबर हाय की तिचं,” फौजदार आतून हसत बाहेर आला. “हिला लेडी कॉन्स्टेबल लिहा आणि केरबाला जंटलमन कॉन्स्टेबल लिहा. हाकानाका.”

“नगं साहेब,” केरबानं हात जोडले. “घरात कळलं तर मंडळी हसून हसून मरंल.”

सगळं ठाणं हसलं. विजयमालाही हसली, पण तिचं हसू लवकर विझलं. शब्द कुठला का असेना, चार दिवसांनी तो शब्दच बोरजाईत राहणार नव्हता. ती उठली आणि चिंतामणच्या टेबलापाशी गेली.

“रायटर, जुन्या ष्टेशन डायऱ्या द्या मला. बसायचंच हाय, तर वाचत बसते.”

गुरुवारची दुपार आणि शुक्रवारची अख्खी सकाळ ती वाचत होती. ठाण्यात रोज काय घडलं ते डायरीत लिहिलेलं असतं. कुणाची म्हैस कुणाच्या शाळूत शिरली, कुणी कुणाला खोऱ्याचा दांडा मारला, सगळं. वाचता वाचता एका पानावर तिचं बोट थांबलं. मग तिनं मागची पानं चाळली, पुढची चाळली, आणि बोटांवर मोजायला लागली. दोन्ही हातांची बोटं संपली.

ती तडक फौजदारासमोर जाऊन उभी राहिली. “साहेब, एक इचारू? बाई तीन वर्सांत किती येळा बाळात हुती?”

फौजदाराच्या हातातली बशी चहासकट हिंदकळली. “म्हंजे?”

“ओढ्याकडच्या बनुबाईची सून, अंजना. आपल्या डायरीत ती तीन वर्सांत धा येळा बाळात झालीया. हे बगा. ‘बनुबाई हिचे घरी हातभट्टीची दारू असलेचे खबरीवरून गेलो असता, घरात ओली बाळंतीण असलेने आतील खोलीची झडती घेता आली नाही.’ दर बारीला ह्येच. दर बारीला वली बाळातीण.”

चिंतामणनं डायऱ्या ओढून घेतल्या. दहाही नोंदी त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरात होत्या. एकेक नोंद सुटी सुटी लिहिताना ती खरीच वाटली होती. बेरीज करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं कसं जायचं?” केरबा कान खाजवत पुटपुटला. “दारातनंच ववा-शेपाचा धूर येतोय. आमी आपलं पाठ करून हुबं ऱ्हातो आन् माघारी येतो.”

“आन् धुरानं दारूचा वास झाकतोय.” विजयमालाचा आवाज चढला. “शेवटची नोंद कार्तिकातली. तवा मी हितंच हुते, साहेब. ह्याच बाकावर. बाळंतिणीच्या खोलीत जायाला बाई पायजे आन् ठाण्यात बाई हाय, ह्ये तुमच्या कुणाच्या ध्येनात बी आलं न्हाई!”

फौजदारानं बशी खाली ठेवून पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. “केरबा, गावातनं दोन पंच घे आणि बाईंच्या... साळुंखेंच्या बरोबर जा,” तो म्हणाला.

बनुबाईचं घर ओढ्याच्या काठाला. पंच म्हणून दोन वयस्क माणसं घेतली होती, पण खाकी साडी ओढ्याकडं निघालेली बघून त्यांच्या मागं आळीतल्या सात-आठ बायका आपसूक लागल्या. बनुबाई दारातच ज्वारी पाखडत बसली होती. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि जीभ अशी की तिच्यापुढं तलाठीही चप्पल काढून बोलायचा. आतल्या खोलीच्या दाराला वाकळेचा पडदा होता आणि पडद्याखालनं धुराचे लोट येत होते.

“या हवालदार,” ती केरबाला म्हणाली. “कसं बया तुमास्नी नेमकं कळतंय? सून परवाच मोकळी झाली.”

केरबानं सवयीनं पाठ केली. तेवढ्यात त्याच्या मागून विजयमाला पुढं झाली. बनुबाईच्या हातातलं सूप थांबलं. पण थांबलं ते एवढंच, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पुढच्या क्षणी ती उठली आणि विजयमालाच्या गालांवरनं हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडून मोकळी झाली.

“आगं बया, किती ग्वाड दिसतीया पोर! म्हायेर कुठलं गं तुजं?”

“आटपाडी,” विजयमाला बोलून गेली. माहेर विचारल्यावर खोटं कुठली बाई सांगणार?

“आटपाडी? माजं बी आटपाडीच की! कुणाची गं तू?”

“नाथाजी हवालदाराची.”

“मिल्ट्रीतल्या नाथाजीची? आगं, तो माजा भाऊ गावकीतला! ल्हानपणी एका आंब्याखाली कैऱ्या येचल्यात आमी. म्हंजे मी तुजी आत्या झाले! म्हायेरची लेक दारात आली आन् मी तिला हुबी ठिवली?” आणि ‘नको’ म्हणायला विजयमालाचं तोंड उघडायच्या आत पाट मांडला गेला, कपाळाला कुंकू लागलं, आणि बनुबाई खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घेऊन समोर उभी राहिली. “पदर पसर, बाळ.”

डाव बघा कसा होता. ओटी नाकारावी तर दारातल्या बायका तोंडात बोटं घालणार. ओटी घ्यावी तर दोन्ही हात पदरात अडकणार, आणि ज्या घरानं माहेरपणाची ओटी भरली त्या घराची झडती त्याच तोंडानं कशी घ्यायची? आजवर दहा वेळा बाळंतिणीनं जे साधलं, ते बनुबाई आता नारळानं साधत होती.

विजयमालाला डाव स्वच्छ दिसत होता. तरी तिचे हात कमरेला खोचलेला पदर सोडवायला लागले. दोन वर्षं ती माहेरी गेली नव्हती. रजा मिळत नव्हती, नवरा सरहद्दीवर, आई जाऊन तर सात वर्षं झालेली. आटपाडीच्या बाईनं “पदर पसर, बाळ” म्हटलं आणि तिचे डोळे भरून आले. खाकी पदरात तांदूळ पडले, नारळ पडला, हिरवा खण पडला. ती बनुबाईच्या पाया पडली, आणि ते पाया पडणं खोटं नव्हतं.

पाया पडून उठता उठताच तिच्या मनात लख्ख उजेड पडला. ओटी भरली की नातं जुळतं, आणि नातं जुळलं की मान काय एकाच बाजूचा असतो?

“आत्या,” ती ओटी कमरेला घट्ट खोचत म्हणाली, “तुमचा ल्योक जोतिबा माजा आतेभाऊ झाला न्हवं?”

“व्हय की!”

“मग त्याच्या बाळाची मी कोण?”

“आत्...” बनुबाईनं जीभ चावली. पण दारातल्या बायकांनी शब्द पुरा केला. “आत्या! आत्या!”

“आन् बाळाचं नाव कोण ठेवतं?”

“आत्या!” बायका एका सुरात ओरडल्या. त्यांना आता मजा वाटू लागली होती.

“बारसं अजून लांब हाय,” बनुबाई घाईघाईनं म्हणाली. “परवाच मोकळी झालीया, बारा दिस सरायचं हायती.”

“ठाण्याच्या वहीत कार्तिकातच वली बाळातीण लिवलीया. आता मार्गशीर्ष लागला. बारा दिस कवाच सरलं.” विजयमाला वाकळेच्या पडद्याकडं सरकली. “भरल्या वटीनं भाचीला बाळाचं त्वांड न दावता धाडताय व्हय, आत्या? आटपाडीत काय सांगू मी?”

पोलिसाला वाट अडवायची बनुबाईला सवय होती. आळीच्या बायकांसमोर, आपणच भरलेल्या ओटीसमोर, माहेरच्या लेकीला कशी अडवणार? ती उंबऱ्यात नुसती उभी राहिली. विजयमालानं पडदा बाजूला केला.

आत शेगडी धुमसत होती. बाजेवर डोक्याला फडकं बांधून अंजना बसलेली, आणि कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला कुंची घातलेलं बाळ. अंजनानं एकदा सासूकडं पाहिलं, एकदा खाकी साडीकडं पाहिलं, आणि मोठा सुस्कारा सोडला.

“घे बाई तुजं तू,” ती हळूच म्हणाली. “तीन वर्सं ववा फुकून डोळं गेलं माजं. येक येक बाळ धा धा शेराचं.”

विजयमालानं बाळ उचललं. ते आत डुबुक डुबुक वाजलं. दुपटं सारलं तर ट्रकच्या चाकाची रबरी टूब, दारूनं टम्म फुगलेली, तोंडाला लाकडी बूच ठोकलेलं. पाळण्यात आणखी एक होती. जुळं होतं.

मग तिनं जे केलं ते बोरजाईच्या बायका पुढं कितीतरी वर्षं लग्नकार्यात सांगत. तिनं ते बाळ दोन्ही हातांवर आडवं घेतलं, बुचापाशी तोंड नेलं आणि आत्यानं घालावा तसा हळूच आवाज घातला, “कुर्रर्र!”

“नाव काय ठिवलं?” दारातनं एकीनं हसू दाबत विचारलं.

“मुद्देमाल,” विजयमाला म्हणाली.

ती टूब खांद्यावर टाकून, कुंचीसकट, भरल्या ओटीनं बाहेर आली. केरबा अजून पाठ करूनच उभा होता. पावलांचा आवाज ऐकून त्यानं न वळताच, सवयीनं विचारलं, “पोरगं का पोरगी?” मग बायकांच्या हसण्यानं तो गर्रकन वळला आणि त्याच्या मिशा खाली आल्या त्या ठाण्यापर्यंत वर गेल्याच नाहीत.

ठाण्यात बनुबाईला बाकावर बसवलं आणि चिंतामणनं पंचनामा लिहायला घेतला. टूब दोन, कुंची एक. मग त्याची नजर विजयमालाच्या कमरेकडं गेली. “नारळ एक, खण एक, तांदूळ अंदाजे पावशेर. हेही आरोपीनं दिलेलंच. मुद्देमालात घ्यावं लागेल.”

“टूब मुद्देमाल,” विजयमाला म्हणाली. “वटी माजी.”

“वटी तिचीच,” बाकावरनं बनुबाई बोलली. तिचा तोरा जरा उतरला होता, जीभ नव्हे. “डाव म्हणून भरली, खरं हाय. पर तांदूळ पडताना तिचं डोळं भरलं, ते म्या बगितलं. माझी भरलेली वटी खोटी न्हाई हुयाची. लिवायची न्हाई.”

फौजदारानं मान हलवली. चिंतामणनं नारळ खोडला आणि बनुबाईचा जबाब घ्यायला लागला. बाजूला तो इंग्रजी फॉर्मही उघडाच होता. दुसरा रकाना त्यानं एव्हाना चार ओळींत भरून टाकला होता, उरला होता पहिला.

“तुमच्या घरात जाऊन झडती कोणी घेतली?” त्यानं विचारलं.

“पोलिसानं.”

“ते झालं. पण कोणत्या? स्त्री पोलीस, महिला शिपाई, लेडी कॉन्स्टेबल... मला नेमकं लिहायचंय.”

बनुबाईनं कपाळाला हात लावला. “आवं रायटर, शिकल्यालं न्हवं तुमी? तीन वर्सं ह्ये केरबा आन् त्ये बाकीचं येत हुतं, दारात पाठ करून हुबं ऱ्हात हुतं, ताक पिऊन जात हुतं. ते पावणे. आज पयल्यांदा पोलीस आला. पोलीस लिवा.”

केरबा जमिनीकडं बघत होता. चिंतामणनं मावसबहिणीच्या कार्डावर एकदा नजर टाकली, आणि यादीतले पाचही शब्द एकेक करून खोडले. मग फॉर्मच्या पहिल्या रकान्यात मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द लिहिला: कॉन्स्टेबल. “केरबाचंही हेच आहे,” तो स्वतःशीच म्हणाला. “मागंपुढं काही न लावता.”

फॉर्म सोमवारच्या टपालानं गेला. मंगळवारी केरबानं बाजारातनं पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि फळ्यावरची खडूची ओळ स्वतःच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली. त्याला अक्षर चांगलं येत नव्हतं, तरी त्यानं ते काम चिंतामणला करू दिलं नाही. ‘साळुंखे, ब. नं. ७४२.’ ओळ थोडी वर चढली होती. विजयमाला लांबून बघत उभी होती. तिला रडूही येत होतं आणि हसूही येत होतं. शेवटी तिनं ओटीतला नारळ उंबऱ्यावर फोडला आणि सगळ्या ठाण्याला खोबरं वाटलं. एक तुकडा बनुबाईलाही दिला, कारण जामिनाच्या अटीप्रमाणं ती रोज हजेरीला येऊन बाकावर बसायची.

पुढच्याच आठवड्यात म्हसवडच्या वाटेवरचा एक म्हातारा धापा टाकत आला. शेळी चोरीला गेली होती. “हवालदार कुठं हायती?” त्यानं विचारलं.

“बसा,” चिंतामण मान वर न करता म्हणाला. “साळुंखे हवालदार येतायत.”

आतून विजयमाला आली, वही घेऊन समोर बसली. म्हातारा चिंतामणकडं वळला. “आवं, ह्या तर बाई हायती!”

“बाई असंल तिच्या घरी,” बाकावरनं बनुबाई गुरकावली. “शेळी पायजे न्हवं? मग गप सांग त्यास्नी.”